ठिपका निघाला अकोल्याला

दीपमाला तायडे हिचा आवाज अमरावती-अकोला रस्त्यावर सगळ्यांच्या ओळखीचा. बडनेऱ्याला गाडी गच्च भरली की दाराशी लोंबकळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना ती अशी हाक घाली, की पोरं निमूट आत सरकत आणि त्यांच्यासोबत दोन-चार म्हातारेही दचकून सरकत. एकदा पुढच्या सीटवर ऐसपैस पसरलेल्या कुठल्याशा पुढाऱ्याच्या मेव्हण्याला उठवून तिनं तिथं लेकुरवाळ्या बाईला बसवलं होतं. मेव्हणा बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत दांडीला धरून उभा राहिला. अशा कंडक्टरणीला कुणी धाक दाखवील, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. कुणी दाखवलाही नाही. तिच्यावर एका माणसानं प्रेम केलं आणि त्या प्रेमानं तिचा जीव मेटाकुटीला आणला. ही गोष्ट सांगताना डोकं तापतं, पण सांगायला तर हवीच.

मुलगा अकोल्याचा. ललित इंगळे, सरकारी कचेरीत लिपिक, सावळा, नीटस, बोलायला गोड. दारू नाही, खर्रा नाही, आई-वडिलांचा एकुलता एक. त्याला कंडक्टर बायको चालणार होती, नव्हे, तिचा खाकी गणवेशातला फोटो पाहूनच तो अमरावतीला आला होता. पाहण्याच्या कार्यक्रमात बाकीचे पोहे खात असताना त्यानं दीपमालाला एकच विचारलं, "ड्युटीवर जेवता कव्हा तुमी?" सत्तावीस वर्षांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. आई विचारायची ती डबा परत आला की नाही एवढंच. दीपमालाला तो तिथंच आवडला, आणि हे तिनं नंतरही कधी नाकारलं नाही.

साक्षगंध अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात, तायड्यांच्या घरापुढच्या मांडवात झालं. बुद्धवंदना झाली, अंगठ्या झाल्या, पेढे वाटले. पूर्वी इतक्यावर भागायचं आणि मग लग्नापर्यंत मुलगा-मुलगी एकमेकांचा चेहरा आठवत बसायची. आता अंगठीपाठोपाठ पासवर्ड जातो. तो ताटात ठेवून देत नाहीत एवढंच, बाकी रीत पक्की झाली आहे. ललितनं आधी स्वतःचा दिला. "आपल्यात लपवायचं काय हाय? तू माह्यं पाह्य, मी तुह्यं पाह्यतो." यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? दीपमालानंही दिला. तिनं त्याचं खातं उघडून कधी पाहिलं नाही, तिला तेवढी फुरसतच नसायची. तो मात्र तिचं रोज पाहायचा, देवपूजेसारखं नेमानं.

तिच्या खात्यात होतं तरी काय? बसच्या खिडकीतून काढलेले फोटो. कुरुमजवळची कापसाची बोंडं फुटलेली पऱ्हाटी, तिकिटासाठी पदराची गाठ सोडणारी म्हातारी, बोरगाव मंजूच्या थांब्यावर पोत्यावर झोपलेला माणूस. चार मैत्रिणी आणि दोन मास्तर पाहायचे. ललित म्हणाला, नवरा-बायकोची दोन-दोन खाती कशाले, एकच ठेवू. तिचं बंद झालं आणि नवीन निघालं. त्याचं नाव त्यानंच ठेवलं, 'ललितची दीपमाला'.

पहिली रील अकोल्याच्या बसस्थानकावरची. गाडी आत शिरते, दार उघडतं, खाकीतली दीपमाला पायरीवर येते आणि खाली ललित गुलाब घेऊन उभा. मागं गाणं. ती रील अशी काही पळाली की बघणाऱ्यांची संख्या अख्ख्या मूर्तिजापूर तालुक्यात डोकी नसतील इतकी झाली. मग काय, दर दोन दिवसांनी गुलाब, कधी संत्री, कधी उसाचा रस. आगारात थट्टा सुरू झाली. तिच्यासोबत नेहमी गाडीवर असणारे ड्रायव्हर शेषराव अकोला जवळ आलं की मागं वळून सांगत, "बाई, केसं सारखे करा, शूटिंगची जागा आली." दीपमाला हसायची. सुरुवातीला तिला खरंच मजा वाटायची.

नंतर ठिपका आला. व्हॉट्सॲपवर आपण कुठं आहोत ते दुसऱ्याला सतत दाखवायची सोय असते. नकाशावर आपला एक ठिपका होतो, आपण हललो की तोही हलतो. ही सोय एका वेळी आठ तासच चालते, म्हणून रोज सकाळी ड्युटीवर चढण्याआधी दीपमालाला ती पुन्हा चालू करावी लागे. विसरली तर फोन. "रस्ता किती खराब हाय, ॲक्सिडेंट किती होतेत. मले इथी चैन पडत नाही ना." कचेरीत फायलींच्या आड फोन टेकवून ललित तिचा ठिपका बडनेऱ्याहून निघताना पाही, मूर्तिजापूरला थांबताना पाही. ठिपका थांबायच्या जागेशिवाय कुठं थांबला की तो लगेच फोन लावी.

कुरणखेडजवळ एकदा गाडीत एका म्हाताऱ्याला चक्कर आली. शेषरावांनी गाडी बाजूला घेतली, दीपमाला त्याच्या तोंडावर पाणी मारत होती, तेवढ्यात खिशात फोन वाजायला लागला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिनं ओल्या हातानं उचलला.

"गाडी कावून थांबली?"

"एका बाबाले चक्कर आली. मंग बोलते."

"कोणत्या बाबाले?"

"म्हातारा हाय ललित, पाणी पाजून राहिली मी त्याले."

"बरं बरं, पाज. एक फोटो टाकजो फक्त."

तिनं फोटो टाकला. डोळे मिटून पडलेल्या, शर्टाच्या गुंड्या सोडलेल्या त्या म्हाताऱ्याचा. नंतर तो उठून बसला, आणि जाताना "माय, तुहं चांगलं होईन," म्हणून तिच्या हातावर हात ठेवून उतरला. दीपमालाला त्याच्याकडे पाहवेना. आपण काय करून बसलो, या विचारानं तिला दिवसभर अन्न गेलं नाही. ललितनं मात्र त्या फोटोला हात जोडल्याची खूण पाठवली होती.

घरी तिनं आईजवळ विषय काढून पाहिला. दुर्गाबाई तेव्हा शेजारणीला जावयाची ताजी रील दाखवून नुकत्याच आत आल्या होत्या.

"आई, तो सारखं विचारते. कुठी हाय, कोण हाय, कावून थांबली. जीव कंटाळते माहा."

"तो काळजी करते अन् तुले त्रास होते?" दुर्गाबाईंचा आवाज चढला. "तुह्या बापानं मले उभ्या जन्मात विचारलं नाही का तू जेवली का म्हणून. बाळंतपणाले माहेरी गेली होती, तं दीड महिन्यानं चिठ्ठी आली, तेही छत्री कुठी ठेवली ते विचाराले. असा जवाई शोधून भेटत नाही पोट्टे. अन् पिंकीचं पाहायचं हाय अजून, तेही ध्यानात ठेव."

पिंकी म्हणजे धाकटी बहीण, बीएससीच्या शेवटच्या वर्षाला. ती कोपऱ्यात बसून 'ललितची दीपमाला'वरच्या कमेंटा मोठ्यानं वाचत होती. कपल गोल्स. भाऊ, तुमच्यासारखा नवरा सर्वांना मिळो. वहिनी नशीबवान आहे. दीपमालानं कान बंद केले नाहीत, कारण ते तिच्या स्वभावात नव्हतं, पण डबा घासायला ती मागच्या अंगणात निघून गेली.

तिला मोठं काही नको होतं हो. कुणी दुसरा मनात नव्हता. तिला एवढंच हवं होतं, की आपण एखाद्या जागी बसावं आणि आपण तिथं बसलो आहोत हे जगात कुणालाही ठाऊक नसावं. एवढीशी गोष्ट. आणि लग्न झाल्यावर तर तीही कायमची जाणार, हे तिला दिवसेंदिवस स्वच्छ दिसायला लागलं होतं. लग्नाचा हॉल ठरला होता, पत्रिका छापायला गेल्या होत्या.

अशात एका सकाळी ती आगारात पोचली तर फळ्यावर तिच्या फेरीपुढं बंडू कंडक्टरचं नाव. तिला अचानक सुट्टी दिली होती. ठिपका तर घरून निघतानाच चालू केलेला. ती फाटकाशी उभी राहून विचार करायला लागली. घरी गेलं तर ठिपका घरी जाणार, मग फोन, मग सुट्टी कावून, कुणी दिली, घरी कोण हाय, व्हिडिओ लाव बरं. बंद करावा तर त्याहून मोठी पंचाईत. समोर शेषराव गाडीला पाणी मारून काच पुसत होते. त्या क्षणी दीपमालाच्या डोक्यात जे आलं ते इतकं सोपं होतं की तिला हसूच फुटलं. तिनं ललितला लिहिलं, गर्दी आहे, मग बोलते. आणि फोन शेषरावांपुढं धरला.

"काका, हा माहा फोन आज तुमच्यासंग अकोल्याले जाऊन येऊ द्या."

"अन् तुमी?"

"मी इथंच हाय."

शेषरावांनी फोनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "फोनचं काय काम हाय बाप्पा अकोल्याले?"

"फिरून येईन जरासा."

शेषराव भला माणूस, जास्त खोलात शिरणारा नव्हे. त्यांनी फोन रुमालात गुंडाळून आपल्या सीटशेजारच्या खणात ठेवला. गाडी बाहेर पडली. ठिपका निघाला अकोल्याला.

दीपमाला ऑटोनं छत्री तलावावर गेली. वाटेत गिले वडे, म्हणजे दही-चटणीत भिजवलेले, बांधून घेतले. सकाळी फिरायला येणारे परतले होते, प्रेमी युगुलं अजून यायची होती. काठावरच्या झाडाखाली तिनं चपला काढल्या आणि पाय लांब केले. पहिला बराच वेळ तिचा हात आपोआप पिशवीकडे जात राहिला, आणि फोन नाही हे कळलं की ती दचकायची. मग हळूहळू ते थांबलं. तिनं वडे खाल्ले. पाण्यात एक माणूस दोन म्हशी धूत होता, त्यातली एक काही केल्या बाहेर यायला तयार नव्हती. दीपमालानं तो तमाशा शेवटपर्यंत पाहिला. मग झाडाला टेकून तिला डुलकी लागली. जागी झाली तेव्हा तोंडावर ऊन आलं होतं. ती किती तरी महिन्यांत इतकी खूश नव्हती. काही घडलंच नव्हतं, आणि म्हणूनच तो दिवस तिला फार आवडला.

ड्युटी संपायच्या वेळेला ती घरी पोचली, तर दारात चपलांचा ढीग. आत दुर्गाबाई डोळ्याला पदर लावून बसलेल्या, शेजारच्या दोघी-तिघी, काका-काकू, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत वडील देवमन तायडे, जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मास्तर, पेपर उघडा धरून. पेपर उलटा नव्हता, पण ते वाचत नव्हते हे दिसत होतं. पिंकीनं आपला फोन ताईच्या हातात दिला.

झालं असं होतं, की त्या दिवशी साक्षगंधाला सहा महिने पूर्ण झाले होते. साक्षगंधाचाही सहामाही वाढदिवस असतो हे दीपमालाला माहीत नव्हतं. ललितला होतं. अकोल्याच्या बसस्थानकावर तो नवा शर्ट घालून, केक आणि फुगे घेऊन उभा होता. शेजारी त्याची आई ठेवणीतली पैठणी नेसून आलेली. मित्र प्रीतम फोन धरून सगळं लाईव्ह दाखवत होता, आणि दोन्हीकडचं गणगोत आपापल्या घरी डोळे लावून बसलं होतं. गाडी आली. टाळ्या झाल्या. दार उघडलं आणि पायरीवर आला बंडू, झुपकेदार मिशा, सुटलेलं पोट, काखेत तिकिटाचं मशीन. ललित हसत हसत त्याच्या मागं पाहत राहिला. प्रवासी उतरून संपले. ललितनं आपल्या फोनवर पाहिलं. "इथीच तं दाखवून राहिलं," तो म्हणाला आणि गाडीत चढला. प्रीतम फोन घेऊन त्याच्या मागं. रिकाम्या गाडीत ललित एकेका सीटमध्ये वाकून पाहत शेवटपर्यंत गेला, ती गंमत करत लपली असेल अशा समजुतीनं, तिचं नाव घेत. मग त्यानं फोन लावला आणि तो ड्रायव्हरच्या खणात वाजला. शेषरावांनी रुमाल सोडला. कॅमेऱ्यात बघत ते प्रामाणिकपणे म्हणाले, "फोन आला हाय बाईचा. बाई नाही आल्या."

व्हिडिओ पाहताना दीपमालाला ललितची दया आली. सीटखाली वाकून आपल्याला शोधणारा माणूस पाहून कुणालाही येईल. केकचं खोकं धरून तशाच उभ्या राहिलेल्या त्याच्या आईची तर जास्तच आली.

"कुठी होती तू?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"छत्री तलावावर."

"कोण होतं संग?"

"कोणीच नाही."

"काय करून राहिली होती?"

"बसली होती."

"दिवसभर?"

"व्हय."

शेजारणीनं काकूकडे पाहिलं, काकूनं काकाकडे. कुठल्याशा पोराचं नाव घेतलं असतं तर रडारड झाली असती, पण विश्वास तरी बसला असता. बाई माणूस फोन दुसऱ्या गावाला पाठवून तळ्याच्या काठी नुसती बसते, हे कुणाच्या घशाखाली उतरेना. दीपमाला खरं तेच सांगत होती आणि जितक्यांदा सांगे तितकं ते जास्त खोटं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ललित आई-वडिलांना आणि प्रीतमला घेऊन आला, सोबत दीपमालाचा फोनही. लोक म्हणतील तो भांडायला आला असेल. छे. तो रडला. सगळ्यांसमोर, डोळे न पुसता. "माह्याकडून काही कमी पडलं असंन. मी तिले काही विचारत नाही. माहा विश्वास हाय तिच्यावर." दुर्गाबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याची आई म्हणाली, "झालं गेलं सोडा ईनबाई, पोरगी आमचीच हाय." इतका मोठेपणा एका खोलीत मावत नव्हता. दीपमाला त्याच्याखाली पार दबून गेली. ज्यानं आपल्याला माफ केलं त्याच्याकडे तक्रार कशी करायची?

आणि मग ललितनं हळूच सांगितलं, की लोकं वाईट-साईट लिहून राहिले. ते खरं होतं. कंडक्टरीण पळाली. भाऊ, वेळेवर वाचलात. यापुढचं इथं लिहिण्यासारखं नाही. "दोघं मिळून एक क्लिप टाकू. तोंडं बंद होतीन सगळ्याईचे. तुह्यासाठीच म्हणतो." तिला समोर बसवलं. प्रीतमनं फोन खुर्चीवर पुस्तकं रचून नीट उभा केला. ललितनं तिला वाक्य दिलं, की म्हण, रागात होती, फोन विसरली, चुकलं माह्यं.

फोनवरचा रेकॉर्डिंगचा लाल आकडा पळायला लागला. दीपमालानं त्या भिंगाकडे पाहिलं. "मी फोन विसरली नाही," ती म्हणाली. "मी मुद्दाम देला. मले एक दिवस कोणालेच न दिसता बसायचं होतं."

 ललित तिच्याकडे मोठ्या मायेनं पाहत होता. "चालते," तो म्हणाला. "मी पाह्यतो काय करायचं ते."

संध्याकाळी क्लिप आली. दीपमालाचे ओठ हलत आहेत, ललित तिच्याकडे एकटक बघतो आहे, आणि तिच्या आवाजाच्या जागी एक संथ, गोड गाणं. वर लिहिलं होतं, 'रुसवा संपला'. पाहता पाहता सगळे शांत झाले. वहिनी किती गोड बोलतात. दोघांना नजर न लागो. पिंकीच्या मैत्रिणींना तर रडू आलं. आपलंच तोंड आपल्याच डोळ्यांसमोर उघडतं आणि मिटतं, आणि त्यातून दुसऱ्याचंच गाणं येतं, हे दीपमाला पाहत राहिली. तिनं ती क्लिप पुन्हा पुन्हा लावली, गाण्याखाली आपला आवाज थोडा तरी उरलाय का ते ऐकायला. उरला नव्हता.

देवमन मास्तर ओसरीवर येऊन तिच्याजवळ बसले. फार बोलणारा माणूस नव्हे, त्यामुळं विचारायचं ते त्यांनी मनाशी जुळवून आणलं होतं.

"हात उगारला का त्यानं कव्हा?"

"नाही बाबा."

"पेते?"

"नाही."

"मांगणं हाय त्याईचं काही?"

"नाही."

"नोकरी सोडाले सांगते?"

"नाही. उलट रोज गाडी पाहाले येते."

मास्तरांचा चेहरा मोकळा झाला. पोरीच्या बापाला ज्या ज्या गोष्टींची भीती असते त्या सगळ्या विचारून झाल्या होत्या आणि एकही निघाली नव्हती. "मंग झालं तरी काय?"

"मी कुठी हाय ते त्याले सदा माहीत असते, बाबा."

"तं त्यात वाईट काय? तुह्या आईलेही माहीत असते मी कुठी हाय ते."

"तुमी घरीच असता."

मास्तर हसले. दीपमालाही हसली आणि तिला वाटलं, आता आणखी एक वाक्य बोलता येईल. पण तेवढ्यात त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. "होईन सवय," म्हणाले, आणि उठून आत गेले. ते वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. पत्रिका घरात येऊन पडल्या होत्या, पिंकी त्यांवर नावं घालत होती.

पुन्हा नेहमीची फेरी सुरू झाली, ठिपक्यासकट. आता तर शेषरावही फोनकडे बघून अवघडत. "मले माहीत नव्हतं बाई," ते दोनदा म्हणाले. तिनं दोन्हीदा, तुमचं काय चुकलं काका, म्हणून सांगितलं.

मूर्तिजापूरला एक पोक्त बाई चढली, हातात लग्नाच्या खरेदीच्या दोन मोठ्या पिशव्या. तिकीट काढताना तिनं दीपमालाकडे निरखून पाहिलं.

"अवो, तुमीच ना त्या? ललितची दीपमाला?"

"दीपमाला तायडे. कुठलं तिकीट?"

"अकोला. माह्या सुनेनं दाखवलं मले ते तुमचं. बम चांगला माणूस भेटला बाई तुमाले." तिनं सुटे पैसे पुढं केले आणि मग सहज विचारलं, "पण त्यात तुमी काय बोलून राहिल्या होत्या? गाणं वाजे मेलं, आयकूच आलं नाही."

हजारो लोकांनी ती क्लिप पाहिली होती. बदाम पाठवले होते, दृष्ट काढली होती. तुम्ही काय बोललात, हे एकानंही विचारलं नव्हतं. दीपमालाच्या हातात तिकीट तसंच राहिलं. काही नाही म्हणून पुढं सरकता आलं असतं, मागं पुष्कळ तिकिटं बाकी होती. इंजिनाचा आवाज मोठा होता, त्यामुळं बोलायचं तर तिला आपल्या नेहमीच्या आवाजातच बोलावं लागणार होतं.

"मी म्हटलं का, फोन मी मुद्दाम देला. मले एक दिवस कोणालेच न दिसता बसायचं होतं."

खिडकीकडे तोंड करून बसलेली माणसं वळली. मागचा एक पोट्टा फोन वर करायला लागला. "खिशात ठेव तो," दीपमाला म्हणाली आणि त्यानं ठेवला.

"मंग?" बाईनं विचारलं. "बसल्या का?"

"बसली."

"बरं वाटलं?"

"लयच बरं वाटलं."  भर गाडीत, गळ्यात पैशाची पिशवी अडकवून तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि ते तिनं पुसलं नाही. "मले हे लग्न करायचं नाही."

वडिलांपुढं अडलेलं वाक्य ते हेच. असं परक्या बाईपुढं बाहेर पडलं. बाईनं शहाणपण सांगितलं नाही, की अरेरे म्हटलं नाही. तिनं शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बसा जराशा," म्हणाली. दीपमाला कुरणखेड जवळ येईपर्यंत बसली. मग उठून मागची तिकिटं फाडली, कुरणखेडला दोघांना उतरवलं, बोरगाव मंजूला एका म्हातारीची कोंबडीची टोपली खाली दिली. हात नेहमीसारखे चालत होते.  हॉल, पत्रिका, आईचा पदर, पिंकी, सगळं डोळ्यांपुढून जात होतं. अकोला काही लांब राहिलं नव्हतं आणि गाडी तिकडेच चालली होती. कंडक्टरला मधेच उतरून जाता येत नाही.

ललित नेहमीच्या जागी उभा होता. आज हातात शेवंतीचा गजरा होता. गाडी थांबली, सगळे उतरले. ती पोक्त बाई उतरली, पण पिशव्या खाली ठेवून थोडी पलीकडे थांबून राहिली. दीपमाला पायरीवर आली. ललितनं फोन वर धरला.

"फोन खाली घे, ललित."

"चालू हाय, बोल ना."

एकदा बोलून झालंय, दुसऱ्यांदा सोपं जाईल, असं तिला वाटलं होतं. गेलं नाही. तिनं दाराची दांडी घट्ट धरली.

"मले हे लग्न करायचं नाही."

ललितचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग तो हसला, अगदी मनापासून, डोळे बारीक करून. "प्रँक करून राहिली का?" त्यानं विचारलं. त्या दिवशी सीटखाली वाकून शोधताना जसा हसला होता तसाच तो हसत होता, आणि दीपमालाला त्याची इतकी दया आली की तिनं जवळजवळ हो म्हटलं असतं.

"नाही," ती म्हणाली.

तो तरीही फोन धरून उभा राहिला, आता हसेल, मग हसेल, म्हणून वाट पाहत. आकडा पळत होता. ती हसली नाही.